जिप्सीचं चाक आणि हरवलेले किलोमीटर: टायर किती मोठा, लिफ्ट किती?

वरोरा–चिमूर रस्ता आणि त्याला फुटणारे जंगलाकडचे कच्चे रस्ते, या पट्ट्यात मी गाड्यांखाली मरणाऱ्या प्राण्यांची नोंद घेते. पद्धत अगदी साधी. गाडी हळू चालवायची, मेलेला प्राणी दिसला की थांबून नोंद करायची आणि शेवटी एकूण नोंदींना किलोमीटरने भागायचं. दुसऱ्या वर्षी माझा दर वाढलेला दिसला. मी खूश झाले (असल्या गोष्टीवर खूश होणं वाईटच, पण प्रबंध लिहिणाऱ्यांना कळेल) आणि वाढलेल्या वाहतुकीवर दोन पानं लिहूनही टाकली. मग एक दिवस सहज रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांकडे लक्ष गेलं. दगडांप्रमाणे ३० किलोमीटर झाले होते आणि गाडीचा मीटर २७.३ सांगत होता.

झालं असं, की दुसऱ्या वर्षीची भाड्याची जिप्सी वेगळी होती. तिला मोठे टायर होते आणि खालून दोन इंच उचललेली होती. हे मला माहीत होतं, उलट मीच हौसेने "उंच गाडी बघा" म्हणाले होते. याचा माझ्या आकड्यांशी संबंध असेल हे मात्र सुचलं नाही. फील्डवर्कसाठी गाडी ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे आधी समजून घ्यावं म्हणून सविस्तर लिहिते.

आधी टायरवरचा आकडा वाचू. जिप्सीचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५. २०५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. भिंत १४३.५ मिमी, अशा दोन भिंती, अधिक रिम ३८१ मिमी. एकूण व्यास ६६८ मिमी. माझ्या भाड्याच्या गाडीचे टायर होते २३५/७५ आर १५. हाच हिशोब केला की व्यास येतो ७३३.५ मिमी. म्हणजे चाक ९.८ टक्के मोठं. मीटर खरं तर चाकाचे फेरेच मोजतो, रस्ता त्याला दिसत नाही. खरे १०० किलोमीटर चाललात तर तो ९१ दाखवणार. समजा २००० किलोमीटरमध्ये ४० प्राणी सापडले, तर खरा दर १०० किलोमीटरला २. मीटर १८२१ म्हणतो, म्हणून दर २.२ होतो. माझी "वाढ" बरीचशी इथूनच आली होती.

आता उंचीचं. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. जिप्सीला पुढे-मागे सलग ॲक्सल आणि कमानीचे पाटे आहेत. कागदावर जमिनीपासूनचं अंतर २१० मिमी. खाली वाकून बघितलं तर सगळ्यात खाली लोंबतो तो डिफरन्शियलचा गोळा. लिफ्ट बसवली, म्हणजे लांब शॅकल लावले किंवा पाट्यांना जास्त कमान दिली, की चेसिस आणि बॉडी वर जाते. ॲक्सल चाकालाच जोडलेला असल्यामुळे गोळा जिथल्या तिथेच राहतो! तो वर उचलायला एकच उपाय, मोठा टायर. आणि तोही व्यासात जेवढी वाढ त्याच्या निम्माच. वरच्या उदाहरणात ६५.५ मिमी वाढीतून गोळ्याला मिळाले जेमतेम ३३ मिमी.

मग लिफ्ट कशाला? दोन कामांना. एक, मोठा टायर मडगार्डला घासू नये म्हणून. दुसरं, गाडीचं पोट अडकू नये म्हणून. गडचिरोलीकडे धानाच्या बांध्यांतून जाताना धुऱ्यावर पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधे पोट टेकलेलं, अशी अवस्था होते. तिथे दोन इंच खरंच कामी येतात. वरोऱ्याच्या काळ्या मातीतला प्रश्न वेगळा. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतात आणि त्यांच्या मधल्या उंचवट्यावर घासतो तो गोळा. तिथे लिफ्टचा उपयोग जवळपास शून्य. मेकॅनिक मला म्हणाला होता, "दोन इंच उचलून टाकू मॅडम, मग अटकतच नाही जी." त्याचा काय दोष, कुठे अटकतं ते मी सांगितलंच नव्हतं.

आणि उंची फुकट मिळत नाही. चाकांमधल्या रुंदीचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा गाडी कलंडण्याचा ढोबळ निर्देशांक. समजण्यापुरते आकडे घेऊ: रुंदी १३०० मिमी, गुरुत्वमध्य ६५० मिमीवर. निर्देशांक १, म्हणजे साधारण ४५ अंशाच्या उतारावर उभी गाडी कलंडायच्या बेतात. मोठे टायर आणि लिफ्ट मिळून गुरुत्वमध्य ७२५ वर गेला, तर निर्देशांक ०.९ आणि कोन ४२ अंश. तीन अंश किरकोळ वाटतात. पण टपावर कॅमेऱ्यांच्या पेट्या, मागे चार माणसं आणि वळणावरचा वेग हे या हिशोबात धरलेलंच नाही. शिवाय प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तिरपे चालून लवकर झिजतात, शॉकअप लांबीला कमी पडतात, आणि चाक मोठं झाल्यामुळे जमिनीवर मिळणारा जोर सुमारे ९ टक्के घटतो. नव्या थारसारख्या गाडीत पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, त्यामुळे पुढच्या बाजूला हिशोब बदलतो. मागचा ॲक्सल मात्र सलगच.

चिखलासाठी पैसे खर्च करण्याआधी हवा कमी करून बघा. चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब म्हणजे साधारण जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ. दाब २६ पीएसआयवरून १८ वर आणला की ते ४४ टक्क्यांनी वाढतं. डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा हवा भरायची, त्यासाठी छोटा पंप सोबत हवाच. तरीही भर पावसात काळी माती टायरच्या नक्षीत अशी भरते की कुठलाही टायर गुळगुळीत होतो. तिथे पायी जावं. भामरागडला पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की तर विषयच संपला, उंच गाडीच्या भरवशावर कोणी आत घालू नये.

म्हणून गाडी बघण्याआधी रस्ता मोजा. मी आता टेप घेऊन चाकोऱ्यांची खोली आणि धुऱ्यांची उंची लिहिते, आणि दहापैकी आठ-नऊ ठिकाणं पार होतील एवढंच मागते. सगळ्यात वाईट जागेसाठी गाडी बांधायला गेलात तर उरलेले सगळे दिवस ती डुगडुगती गाडी चालवत बसाल. माझ्या पट्ट्यासाठी उत्तर निघालं २१५/७५ आर १५, लिफ्ट नाही. व्यास ७०३.५ मिमी, गोळ्याला १८ मिमी जास्त, मीटरमध्ये फरक ५.३ टक्के. हाही बसवून झाल्यावर एका चाकाखाली ठोकळा ठेवा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा आणि कुठे घासतंय का बघा. स्वतःची गाडी असेल तर आरटीओचा नियमही आहे: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, मूळ रचनेत मनासारखे बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं.

जुना डेटा मी फेकला नाही. ती जिप्सी पुन्हा मागवली, टायरवर खडूने खूण केली आणि दहा फेरे ढकलून टेपने अंतर मोजलं. गणिताने २३.०४ मीटर यायला हवं होतं. वजनाने टायर दबतो म्हणून थोडं कमी आलं. त्या मोजलेल्या आकड्यानेच दुसऱ्या वर्षीचे सगळे किलोमीटर दुरुस्त केले. वाहतुकीवरची दोन पानं गेली, गाइडना मेल लिहायला अर्धा दिवस लागला. नोंदवहीत तारीख आणि हवामानाच्या शेजारी आता एक नवा रकाना आहे: टायरचा आकडा, हवेचा दाब आणि दहा फेऱ्यांचं अंतर.