सायीतला मासा आणि वसमतची हळद

पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरीचं धरण आहे आणि त्याच्या खाली सिद्धेश्वरचं. या धरणांच्या कालव्याचं पाणी वसमतच्या शिवारात येतं आणि त्यावर हळद उभी राहते. याच जलाशयांत भोई बांधव जाळी टाकतात आणि रोहू, कटला, मृगळ बाजारात येतात. वसमतच्या घरात माशाच्या तुकड्यांना हळद चोळली जाते, तेव्हा एकाच नदीच्या पाण्यावर वाढलेल्या दोन गोष्टी एकत्र येतात. त्यात म्हशीच्या दुधाची साय आणि तिखट मसाला घातला की शहरातल्या हॉटेलांत महागात मिळणारा मलईतला मासा घरीच तयार होतो. मात्र तो घरी अनेकदा बिघडतो. साय फुटते, मासा कोरडा पडतो, नाहीतर चिखलाचा वास शेवटपर्यंत जात नाही. यातल्या प्रत्येक बिघाडामागचं कारण विज्ञानाला नेमकं माहीत आहे, आणि ते समजलं की हात आपोआप बरोबर चालतो.

पहिली अडचण मात्र गॅस पेटवण्याआधीच येते. माशावर दूध घेतलं की अंगावर कोड उठतं, असं घरातली मोठी माणसं सांगतात. हा निषेध जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या २६व्या अध्यायात विरुद्ध आहाराच्या यादीत मासा आणि दूध येतात. तिथे यावर चक्क वाद झालेला आहे. भद्रकाप्य हे ऋषी म्हणतात की ‘चिलिचिम’ नावाचा एक मासा सोडला तर बाकी सगळे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही. आचार्य आत्रेय ते अमान्य करतात आणि सर्वच मासे वर्ज्य ठरवतात. आपल्या परंपरेत हा प्रश्न चर्चेला खुला होता, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आज आपल्याला माहीत आहे की कोड हा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने त्वचेतल्या रंगपेशींवर केलेल्या हल्ल्याचा परिणाम आहे. मासा आणि दूध एकत्र खाण्याशी त्याचा संबंध आढळलेला नाही. बंगालात दह्यातला मासा पिढ्यान्‌पिढ्या रांधला जातो, युरोपात दुधात आणि सायीत मासा शिजतो, आणि तिथे त्यामुळे कोड वाढल्याचं दिसत नाही. जपायचं आहे ते माशाची किंवा दुधाची खरी ॲलर्जी असलेल्यांनी. माशाच्या ॲलर्जीला बहुतेकदा कारण ठरणारं पार्वाल्ब्युमिन हे प्रथिन शिजवूनही टिकतं, त्यामुळे ‘चांगला शिजवलाय, खा थोडा’ हा आग्रह अशा माणसाला करू नये.

आता मासा. पाण्यात तरंगणाऱ्या प्राण्याला स्वतःचं वजन पेलायचं नसतं, म्हणून त्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन बकऱ्याच्या मानाने फारच कमी असतं. शिवाय ते ५०–५५ अंश सेल्सिअसच्या आसपासच विरघळू लागतं. मटण तासभर रटरटावं लागतं आणि मासा काही मिनिटांत होतो, तो यामुळे. माशाची प्रथिनं ४० अंशांच्या पुढे गोळा होऊ लागतात. ६० अंश ओलांडले की ती आवळली जातात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. कच्च्या माशाचं मांस काहीसं पारदर्शक दिसतं. शिजल्यावर त्यातल्या गोळा झालेल्या प्रथिनांवरून प्रकाश विखुरतो आणि ते पांढरं दिसू लागतं. साय पांढरी दिसते तीही प्रकाश विखुरल्यामुळेच, फक्त तिथे हे काम स्निग्धाचे सूक्ष्म थेंब करतात. गोड्या पाण्यातला मासा अर्धाकच्चा खाऊ नये, कारण त्यात परजीवी असू शकतात. मधोमध ६३ अंश तापमान गाठलं की पुरे. घरी तापमापी नसला तरी चमच्याने दाबल्यावर मांसाच्या पाकळ्या सुटतात आणि आत काचेसारखी झाक उरत नाही, ती हीच वेळ. त्यापुढचं प्रत्येक मिनिट मासा कोरडा करतं.

मासा कोणता घ्यावा? माझं मत मरळीच्या बाजूने आहे. तिचं मांस पांढरं, घट्ट असतं आणि रोहूसारखे बारीक दुतोंडी काटे त्यात नसतात. ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून बाजारात जिवंत मिळू शकते. रोहू-कटला घेतला तर पोटाकडचे तुकडे घ्यावेत, तिथे ते बारीक काटे नसतात.

तळ्यातल्या माशाला येणारा चिखलाचा वास चिखलाचा नसतोच. पाण्यातले निळे-हिरवे जिवाणू आणि मातीतले काही जिवाणू ‘जिऑस्मिन’ नावाचं रसायन बनवतात. पहिल्या पावसाच्या मातीचा सुगंधही याच रसायनाचा. एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे पाच-दहा भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळतात. ते स्निग्धात विरघळतं, म्हणून माशाची कातडी आणि दोन्ही बाजूंनी जाणारी गडद लालसर पट्टी यांत जास्त साठतं. ही पट्टी सुरीने काढून टाकावी. आम्लाने जिऑस्मिनचं रूपांतर वास नसलेल्या रसायनात होतं, तेव्हा मीठ, हळद आणि लिंबू किंवा चिंचेचा कोळ लावून तुकडे पंधरा मिनिटं ठेवावेत. आपल्या आज्यांनी हे सूत्र नावागावाशिवाय शोधलेलं होतं. नंतर तुकडे धुऊन, कोरडे करून घ्यावेत. हे धुणं टाळू नये, कारण उरलेलं आंबट पुढे सायीच्या मुळावर येतं.

हळदीबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि शहरात हळदीच्या संशोधनाला वाहिलेलं केंद्रही उभं राहिलं आहे. शेतातून निघालेली ओली हळद वाफेवर शिजवतात, वाळवतात आणि मग ढोलात फिरवून पॉलिश करतात. शिजवताना गड्ड्यातल्या स्टार्चची खळ होते आणि पिवळा रंग सगळीकडे सारखा पसरतो. हा रंग कुरकुमिनचा. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात मात्र मोकळेपणाने विरघळतं. उकळत्या रश्श्यावर भुरभुरवलेली हळद कच्ची लागते आणि फोडणीत घातलेली हळद खुलते, ती त्यामुळे. म्हणून कांदा परतून झाल्यावर, मंद आचेवर, तेलातच हळद घालावी आणि काही सेकंदांत पुढचं साहित्य टाकावं. कारण तिला सुवास देणारी तेलं उडून जाणारी आहेत. सायीतल्या स्निग्धाचंही इथे हेच काम आहे. हळदीचा रंग, मिरचीचा तिखटपणा आणि गरम मसाल्याचा वास हे सगळं ते स्वतःत विरघळवून घेतं आणि जिभेवर सावकाश सोडतं. साय नुसत्या चैनीसाठी घालतात असं समजणाऱ्यांनी एकदा तिच्याऐवजी पाणी घालून हाच रस्सा करून पाहावा.

म्हशीच्या दुधात ७–८ टक्के स्निग्धांश असतो. दूध ७० अंशांपुढे तापलं की त्यातली काही प्रथिनं उलगडतात आणि पृष्ठभागावर एकमेकांत गुंततात. वरचं पाणी वाफ होऊन जातं, स्निग्ध त्या जाळ्यात अडकतं आणि साय धरते. घरच्या सायीत अशा प्रथिनांच्या गुठळ्या असतात, म्हणून ती आधी घोटून एकजीव करावी आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या कढईत टाकू नये. साय फुटते तेव्हा खरं तर दुधातलं केसीन हे प्रथिन फुटतं. त्याच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. आंबटाने हा भार नाहीसा होतो आणि कण एकत्र येतात. जितकं तापमान जास्त, तितकं थोडं आंबटही पुरतं. दाट सायीत स्निग्ध भरपूर आणि केसीन त्या मानाने कमी असतं, म्हणून ती दुधापेक्षा आणि दह्यापेक्षा जास्त तग धरते. काटकसर म्हणून साय दुधाने वाढवली की धोका वाढतो.

साय फाडणारा आणखी एक घटक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे कच्चं आलं. आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं आणि त्याने दूध जमतं. चीनच्या दक्षिण भागात आल्याच्या रसाने दूध जमवून गोड पदार्थच करतात. भरपूर तापवलं की हे विकर निकामी होतं. आलं-लसणाचं वाटण कच्चा वास जाईपर्यंत, कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं ते चवीसाठीच नव्हे, तर सायीच्या रक्षणासाठीही.

साय सांभाळण्याचा मराठवाड्याचा स्वतःचा उपाय आहे येसर. भाजलेली धान्यं आणि डाळी मसाल्याबरोबर दळून केलेल्या या पुडीत स्टार्च असतं. ते रश्श्यात फुगतं, केसीनच्या कणांच्या मध्ये येतं आणि त्यांना गोळा होऊ देत नाही. बाहेरचे आचारी यासाठी काजूची पेस्ट किंवा मैदा वापरतात. आपल्याकडे चमचाभर येसर हे काम करतंच, शिवाय रश्श्याला भाजणीचा खमंगपणा देतं. साय घालण्याआधी येसर थोड्या गरम पाण्यात कालवून मसाल्यात उकळून घ्यावं. मग आच अगदी कमी करून साय घालावी, तुकडे एकाच थरात मांडावेत, झाकण ठेवावं आणि उकळी फुटू देऊ नये. चमचा न घालता कढईच धरून हलवावी. मध्यम तुकड्यांना सहा-सात मिनिटं होतात. लिंबू पिळायचंच असेल तर गॅस बंद केल्यावर.

तिखटाचं काय? मिरचीतलं कॅप्सायसिनही पाण्यात न विरघळणारं, स्निग्धात विरघळणारं. सायीतलं स्निग्ध आणि केसीन त्याला धरून ठेवतात, म्हणून नेहमीएवढीच मिरची घालूनही रस्सा सौम्य लागतो. त्यामुळे सायीच्या रश्श्यात मिरची थोडी हात सैल सोडून घालावी. कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला जाऊन चिकटतं, तो १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला. त्या कामासाठी त्यांना २०२१चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. हाच संवेदक ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेलाही जागा होतो. कढईतून थेट ताटात आलेला वाफाळता रस्सा त्याला दोन्हीकडून चेतवतो, आणि तोच रस्सा थोडा निवला की तिखट कमी जाणवतं. मुलं जेवायला बसणार असतील तर मिरची कमी करण्यापेक्षा रस्सा आधी वाढून ठेवावा आणि भाकऱ्या नंतर टाकायला घ्याव्यात.