लिंगभेद, नोकरीतील (पुरुषांबाबतचा)

नेमणूक, वेतन, बढती, रजा, शिक्षा वा बडतर्फी यांबाबत एखाद्या पुरुषास केवळ तो पुरुष असल्यामुळे मिळणारी प्रतिकूल वागणूक. लिंगभेदाची झळ प्रामुख्याने स्त्रियांनाच बसत आली आहे. तथापि त्याविरुद्धचे कायदे बहुधा उभयतांना लागू असतात. अमेरिकेतील १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण व्यक्तीच्या लिंगावरून भेद करण्यास मनाई करते. ती व्यक्ती स्त्रीच असावी, अशी अट त्यात नाही.

यासंबंधी डियाझ विरुद्ध पॅन अमेरिकन हा खटला महत्त्वाचा मानला जातो. विमानातील सेवकाच्या जागेसाठी डियाझ यांनी १९६७ मध्ये केलेला अर्ज, त्या जागा फक्त स्त्रियांसाठी असल्याच्या कारणावरून नाकारण्यात आला. प्रवाशांना स्त्रियांची सेवा अधिक रुचते, असा कंपनीचा युक्तिवाद होता. प्रवाशांची सुरक्षित वाहतूक हे कंपनीचे मूळ कार्य असून प्रसन्न वातावरण ही आनुषंगिक बाब होय. ग्राहकांच्या पसंतीने भेदभाव समर्थनीय ठरत नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने १९७१ मध्ये दिला. पुरुषाचा पुरुष सहकाऱ्यांनी केलेला लैंगिक छळही याच कायद्याखाली येऊ शकतो, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले. बहुसंख्य गटातील तक्रारदाराकडून अधिक कडक पुरावा मागता येणार नाही, असेही त्याने २०२५ मध्ये एकमताने ठरविले.

असा भेद ओळखण्याची मुख्य कसोटी तुलनेची आहे. समान पात्रता, समान काम वा समान चूक असताना स्त्रीला एक व पुरुषाला दुसरा न्याय लावला गेला काय, हे पाहावे लागते. ‘हे बायकांचे काम’ म्हणून अर्ज फेटाळणे, अपत्यसंगोपनाची रजा फक्त मातेस देणे किंवा पुरुषाची छळाची तक्रार हसण्यावारी नेणे, ही त्याची लक्षणे होत. प्रसूतीनंतरच्या शारीरिक विश्रांतीची रजा मात्र वेगळी होय. अनुभवाच्या अभावासारख्या खऱ्या कारणाने झालेला प्रतिकूल निर्णयही भेदभाव ठरत नाही. म्हणून जाहिरात, पत्रव्यवहार व घटनांच्या तारखा जपून ठेवणे इष्ट असते.

भारतीय संविधानाचा अनुच्छेद १६(२) शासकीय नोकरीत केवळ लिंगावरून भेद करण्यास मनाई करतो. परंतु अनुच्छेद १५(३) नुसार स्त्रियांसाठी विशेष तरतुदी करता येतात. त्यामुळे स्त्रियांना दिलेले प्रत्येक प्राधान्य बेकायदा ठरत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली पीडित म्हणून फक्त स्त्रीलाच दाद मागता येते. पुरुषास अन्य कायद्यांचा व सेवानियमांचा आधार घ्यावा लागतो.