स्वस्त प्रोसेसर, परीक्षा मदरबोर्डची

सांगली-साताऱ्याकडच्या शेतकऱ्याला मोटारीचा हिशेब शिकवावा लागत नाही. पाच एचपीची थ्री फेज मोटार दर फेजला साधारण साडेसात-आठ अँपिअर करंट घेते. व्होल्टेज पडले की करंट वाढतो, करंट वाढला की वाइंडिंग तापते आणि तरीही ती तशीच रेटली तर मोटार जळते. त्याच घरात टेबलाखाली कॉम्प्युटर असेल, तर त्यातला नखाएवढा प्रोसेसर किती करंट घेतो? साधा, कमी किमतीचा प्रोसेसर पूर्ण जोरात चालताना ४५ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. त्याचा वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर वाढवला, म्हणजे 'ओव्हरक्लॉक' केला, की हाच आकडा पासष्टच्या पुढे सरकतो. विहिरीवरच्या मोटारीच्या आठपट.

यात जादू काही नाही. मोटारीला ४१५ व्होल्ट मिळतात, प्रोसेसर मात्र एक-सव्वा व्होल्टवर चालतो. व्होल्ट इतके कमी असल्यावर ५० वॅट पोचवायचे तर करंट जास्तच लागणार. कोयनेची वीज दोन-चार लाख व्होल्टच्या तारांवरून निघते, एकेका सबस्टेशनवर उतरत घरात २३० व्होल्टवर येते. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये तिचे १२ व्होल्ट होतात. शेवटची पायरी उरते ती १२ वरून सव्वा व्होल्टची, आणि ती मदरबोर्डवर, प्रोसेसरच्या अगदी शेजारी ओलांडली जाते. या भागाला व्हीआरएम म्हणतात. वीजवाटपाच्या साखळीतले हे सर्वांत छोटे सबस्टेशन. ओव्हरक्लॉकिंगची चर्चा नेहमी प्रोसेसरभोवती फिरते. पण स्वस्त प्रोसेसर पळवला जातो तेव्हा खरी परीक्षा या सबस्टेशनची असते.

या खेळाला जगभर लोकप्रियता मिळाली ती १९९८ मध्ये. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आणला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ. म्हणजे मदरबोर्डकडून येणारा ६६ मेगाहर्ट्झचा ठोका गुणिले साडेचार. हौशी लोकांच्या लक्षात आले, की बोर्डचा ठोका ६६ ऐवजी १०० केला तर हीच चिप ४५० वर पळते, आणि बहुतेकदा तक्रार न करता. ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-टू त्याच महिन्यात बाजारात आला होता, कित्येक पट किमतीला. एबिट कंपनीचा बीएच६ हा मदरबोर्ड तेव्हा प्रसिद्ध झाला, कारण त्यात ही अदलाबदल पेटी न उघडता, बायॉसच्या पडद्यावरून करता येई.

दुसरा गाजलेला प्रसंग २०१४ चा. पेंटियम या नावाला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने इंटेलने जी३२५८ हा ७२ डॉलरचा, ३.२ गिगाहर्ट्झचा, दोन कोअरचा प्रोसेसर काढला आणि त्याचा गुणक मोकळा ठेवला. (मूळ पेंटियमच्या विकासाचे नेतृत्व करणारे विनोद धाम पुण्यात जन्मलेले, हे इथे आठवायला हरकत नाही.) एरवी ही मोकळीक महागड्या चिपलाच मिळते. गंमत अशी, की ७२ डॉलरची चिप घेणारा माणूस बोर्डवर फार पैसे घालणार नव्हता. कंपन्यांनीही ते ओळखले आणि कार्यालयीन कामासाठी बनवलेल्या साध्या बोर्डांवरही बायॉस बदलून ओव्हरक्लॉकिंगची सोय दिली. चिप दणकट, बोर्ड जेमतेम. बजेट प्रोसेसरचा वेग वाढवणाऱ्याची अडचण आजही हीच आहे.

ती किती मोठी, ते गणिताने कळते. चिपची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा, प्रोसेसर ३.२ वरून ४ गिगाहर्ट्झवर नेला. वेग सव्वापट झाला. तो स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज १.१ वरून १.३ केले. त्याचा वर्ग धरला तर जवळपास १.४ पट. दोन्ही मिळून ५० वॅटचे ८७ वॅट झाले आणि करंट ४५ वरून ६७ अँपिअरवर गेला. व्हीआरएममधल्या उष्णतेचा मोठा भाग करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो दुपटीहून जास्त झाला. हातात आला २५ टक्के जादा वेग. तोही सगळ्या कामांत दिसत नाही; एक्सेलच्या छोट्या तक्त्याला किंवा ब्राउझरला फरक पडत नाही, व्हिडिओ बनवताना आणि काही गेममध्ये पडतो.

व्हीआरएम चालते कसे, हे पाण्याच्या पाळीवरून समजेल. एका पाटातून सगळे पाणी सोडले तर पाट फुटतो, म्हणून पाळ्या लावतात. बोर्डवरही तीन, चार, सहा किंवा आठ 'फेज' असतात. एकेक फेज सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करत आपला वाटा सोडते, पुढच्या फेजची पाळी येते आणि या तुकड्या-तुकड्यांच्या प्रवाहाला चोक आणि कपॅसिटर सपाट करतात. फेज जितक्या जास्त तितका प्रत्येकीवरचा भार कमी. स्वस्त बोर्डवर त्या तीन-चारच असतात आणि त्यांच्या ट्रान्झिस्टरवर बऱ्याचदा उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पट्टीही नसते. सॉकेटच्या कडेचे चौकोनी ठोकळे, म्हणजे चोक, मोजले तरी बोर्डच्या ऐपतीचा अंदाज येतो. अंदाजच, काही बोर्डांवर ठोकळे दुप्पट असतात, पाळ्या तेवढ्याच.

आता सांगलीचा उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त दोन्हींतला फरक मर्यादेत ठेवतात. प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापत असेल तर जानेवारीत साताऱ्याच्या २२ अंशांच्या खोलीत तो ६७ वर थांबेल. मेमध्ये सांगलीच्या ४२ अंशांच्या खोलीत तो ८७ वर असेल, प्रत्यक्षात थोडा वरच, कारण तापलेली चिप जास्त वीज गळते. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. पेटीत थोडी धूळ साचली की ती मर्यादा आलीच. साखर कारखान्यांच्या हंगामात बगॅसची काजळी उडते अशा गावांत हीटसिंकच्या फटी वर्षातून एकदा साफ करून भागत नाही.

कोणी म्हणेल, मग साताऱ्यातून घाट चढून महाबळेश्वरला जावे. तिथे मेमध्ये पारा तिशीच्या आसपास असतो हे खरे. पण ते सुमारे १,३७० मीटर उंचावर आहे आणि सांगलीच्या तुलनेत हवेचा दाब नऊएक टक्क्यांनी कमी, म्हणजे तोच पंखा तेवढ्याच फेऱ्यांत कमी वजनाची हवा ढकलतो. दहा-बारा अंशांचा फायदा या तोट्यापेक्षा मोठा, म्हणून महाबळेश्वर जिंकते. मात्र पावसाळ्यात तिथली ओल सॉकेटच्या पिनांना आणि स्लॉटच्या पट्ट्यांना सोडत नाही.

उष्णतेचा दुसरा बळी कपॅसिटर. जुन्या बोर्डांवरच्या द्रव भरलेल्या कपॅसिटरसाठी ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. साताऱ्याचा जानेवारी आणि सांगलीचा मे यांतल्या वीस अंशांचा अर्थ चौथाई आयुष्य. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सदोष द्रवाच्या कपॅसिटरमुळे जगभरात लाखो बोर्ड निकामी झाले. त्यांची डोकी फुगलेली दिसत. आजचे घन प्रकारचे कपॅसिटर बरेच टिकाऊ आहेत, पण सेकंडहँड बोर्ड घेताना फुगलेल्या डोक्यांवर नजर टाकायला अर्धा मिनिट लागतो.

चाचणी घ्यायची तर या सगळ्याचा विचार करून घ्यावी लागते. बोर्डला ओव्हरक्लॉकिंग मान्य आहे का, हे आधी पाहायचे. एएमडीच्या बी४५० चिपसेटवर ते चालते, त्याहून स्वस्त ए३२० वर नाही. मग काहीही न बदलता मूळ वेगाचे आकडे लिहून ठेवायचे. त्यानंतर एका वेळी शंभर मेगाहर्ट्झ वाढवायचे आणि दर पायरीला किमान वीस मिनिटे पूर्ण भार द्यायचा. पाच मिनिटांची चाचणी फसवी असते. चिपचे तापमान काही क्षणांत वाढते, बोर्डचे तांबे आणि चोक सावकाश तापतात. पहिल्या मिनिटाला ४ गिगाहर्ट्झ दाखवणारा आकडा विसाव्या मिनिटाला ३.४ वर आला असेल तर व्हीआरएमने हात टेकले. भार येताच व्होल्टेज किती खाली जाते, हेही पाहायचे. ते जरा घसरणे स्वाभाविक आहे. फार घसरत असेल तर त्यावर आणखी व्होल्ट वाढवणे हा उपाय नसून आगीत तेल आहे.

व्हीआरएमचे तापमान अनेक स्वस्त बोर्ड सांगतच नाहीत. बोट लावून पाहणे धोक्याचे, तिथे शंभर अंश असू शकतात. करोनाकाळात घरोघरी आलेली, कपाळावर धरायची बंदूक इथे उपयोगाची नाही, कारण ती साधारण ४३ अंशांच्या पुढे वाचत नाही. गॅरेजवाले वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक हवी. चकचकीत धातूवर तीही चुकते, म्हणून उष्णता सोसणाऱ्या टेपचा तुकडा लावून त्यावर रोखायची.

आणि चाचणी दुपारी दोनला, पेटी बंद करून घ्यायची. रात्री दहाला, झाकण काढून, समोर टेबलफॅन लावून मिळालेला आकडा मित्रांना दाखवायला ठीक. तो त्या मशीनचा रोजचा आकडा नव्हे.

मशीन बंद पडले तर निदान कळते. खरा धोका ते बंद न पडता चुकण्याचा. वेग सीमेवर असलेला प्रोसेसर दिवसभर नीट चालतो आणि एखादे वेळी एका बेरजेत चुकतो. फोटो स्टुडिओतल्या लग्नाच्या फाइलमध्ये आडवी करडी पट्टी येते, संस्थेच्या हिशेबाची फाइल उघडतच नाही, आणि दोष सॉफ्टवेअरला किंवा व्हायरसला दिला जातो. चूक साठवली गेली की बॅकअपमध्येही तीच चूक जाते. म्हणूनच प्राइम ९५ हा प्रोग्रॅम परीक्षेसाठी वापरतात. तो मुळात प्रचंड मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी, जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पासाठी लिहिला गेला. त्यात उत्तर पडताळण्याची सोय असल्याने एकही चूक लपत नाही. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोषही याच प्रोग्रॅममुळे उजेडात आला, आणि ते प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेले असण्याची त्याला गरज नव्हती.

कृष्णाकाठच्या खरेदीदाराने आणखी एक गोष्ट पाहावी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरासारख्या पुरात भिजलेला बोर्ड धुऊन, वाळवून चालू होतो, कधी वर्षभर चालतोही. पण चिपांच्या पोटाखाली बसलेला बारीक गाळ निघत नाही. दमट हवेत तो ओल धरतो आणि सांधे हळूहळू गंजतात. स्लॉटच्या तळाशी मातकट रेघ किंवा स्क्रूंच्या भोकांभोवती हिरवट डाग असेल, तर असा बोर्ड मूळ वेगावरही भरवशाचा नाही.

धडधाकट बोर्डवर मात्र एक सोय अनेकदा असते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. बायॉसमध्ये वेगवेगळ्या सेटिंग नावे देऊन साठवता येतात. ४ गिगाहर्ट्झची एक, जून ते फेब्रुवारीसाठी. आणि दोनशे मेगाहर्ट्झ कमी, व्होल्टेजही एक पायरी खाली, अशी दुसरी, मार्च ते मे. बदलायला दोन मिनिटे लागतात.