पेढीवरून सागरतीरी : हेंड्रिक विलेम मेस्दाग

नेदरलँड्सच्या उत्तरेस ग्रोनिंगन नावाचे जुने व्यापारी शहर आहे. तेथील क्लास मेस्दाग हे धान्याचे व्यापारी आणि पेढीवाले. फावल्या वेळात चित्रे काढण्याची त्यांना हौस होती. 1831 साली जन्मलेल्या हेंड्रिक विलेम या त्यांच्या मुलाकडे पेढी आणि हौस दोन्ही वारशाने आल्या. दिवसा हुंड्या, व्याज आणि खातेवह्या, तर उरलेल्या वेळात स्थानिक शिक्षकांकडे चित्रकलेचे धडे, असा त्याचा क्रम अनेक वर्षे चालला. 1856 मध्ये सीन्त्ये फान हाउटेन हिच्याशी त्याचा विवाह झाला. (नेदरलँड्समध्ये बालमजुरीविरुद्धचा पहिला कायदा 1874 साली आणणारे सॅम्युएल फान हाउटेन हे तिचे बंधू.)

वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, 1866 मध्ये, मेस्दाग यांनी पेढी सोडली. पदरी लहान मुलगा, मागे भरभराटीचा व्यवसाय आणि पुढे केवळ कुंचला! या धाडसाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये. सीन्त्येला वडिलांकडून मोठी मालमत्ता मिळाली होती आणि पतीच्या निर्णयामागे ती ठामपणे उभी होती. तिच्या या आधाराविना पेढीचा उंबरठा ओलांडणे त्यांना कितपत जमले असते, याची शंकाच आहे.

हे कुटुंब ब्रुसेल्सला गेले. तेथे मेस्दाग यांचे नातलग व नामांकित चित्रकार आल्मा-ताडेमा राहत होते. विलेम रुलॉफ्स यांच्या हाताखाली मेस्दाग निसर्गचित्रण शिकू लागले. पण आपला विषय त्यांना सापडला तो 1868 च्या उन्हाळ्यात, नॉर्डर्नाय या जर्मन बेटावर. समुद्राने त्यांना असे काही झपाटले की पुढच्याच वर्षी त्यांनी हेगला बिऱ्हाड हलवले. कारण एकच, शेजारचे स्खेवेनिंगन हे कोळ्यांचे गाव. तेथे बंदर नव्हते. सपाट बुडाच्या नौका थेट वाळूवर येत आणि घोडे लावून त्या वर ओढाव्या लागत. लाटा, ढग, ओली वाळू आणि या नौका, हेच मेस्दाग यांचे विश्व झाले.

1870 मध्ये पॅरिसच्या प्रतिष्ठित ‘सालों’ प्रदर्शनात उत्तर समुद्राच्या फुटत्या लाटांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. पेढी सोडून अवघी चार वर्षे झाली होती. पण दैवगती अशी की 1871 साली त्यांचा एकुलता एक मुलगा क्लास आठव्या वर्षी मरण पावला. त्या शोकातच सीन्त्येने पस्तिशी उलटल्यावर कुंचला हाती घेतला आणि पुढे स्वतंत्र चित्रकर्ती म्हणून नाव मिळवले.

मेस्दाग यांच्या समुद्रचित्रांना मागणी वाढली. खरे सांगायचे तर त्यांतली काही एकमेकांची भावंडेच वाटतात. मात्र 1880 साली एका बेल्जियन कंपनीने त्यांच्यापुढे जे काम ठेवले, तसे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते. प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढणारे, 14 मीटर उंच आणि सुमारे 120 मीटर घेराचे वर्तुळाकार चित्र, म्हणजेच ‘पॅनोरमा’! विषय अर्थातच स्खेवेनिंगन. तेथील सर्वांत उंच वाळूच्या टेकडीवर काचेचे एक नळकांडे ठेवून, आत उभे राहून मेस्दाग यांनी चहूकडचे दृश्य काचेवर रेखाटले. मग तेच कॅनव्हासवर मोठे करण्यात आले. सीन्त्ये, तरुण ब्राइटनर, तेओफिल द बॉक व ब्लॉमर्स मदतीला होते. चार महिन्यांत काम पुरे होऊन 1 ऑगस्ट 1881 रोजी पॅनोरमा खुला झाला. त्याच महिन्यात, तेव्हा कोणालाही ठाऊक नसलेला विन्सेंट व्हॅन गॉग तो पाहून गेला आणि प्रभावित झाला.

पॅनोरमांची लाट मात्र लवकरच ओसरली. 1886 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि कॅनव्हास लिलावात निघाला. तो मेस्दाग यांनी स्वतः विकत घेतला आणि दरवर्षीची तूट खिशातून भरत राहिले. आयुष्याची उमेदीची वर्षे नफा-तोट्याच्या हिशेबात घालवलेल्या माणसाला हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे हे कळत नव्हते, असे कोण म्हणेल? पण ती टेकडी एव्हाना सपाट होऊ लागली होती, गावाचे रूप पालटत होते. 1904 साली स्खेवेनिंगनला बंदर झाले आणि वाळूवरच्या नौकांचे दिवस सरले.

मिले, कोरो आदी फ्रेंच चित्रकारांच्या कृतींचा आपला संग्रह मेस्दाग यांनी 1903 मध्ये राष्ट्राला अर्पण केला. 1909 मध्ये सीन्त्ये आणि 1915 मध्ये ते स्वतः निवर्तले.

हेगमधील तो पॅनोरमा आजही त्याच वास्तूत आहे. अंधाऱ्या वाटेने जिना चढून प्रेक्षक एकदम वाळूच्या टेकडीवर येतो. छतातून येणारा सूर्यप्रकाश बाहेर ढग आला की मंदावतो आणि चित्रातला समुद्रही झाकोळतो. खाली किनाऱ्यावर पांढऱ्या छत्रीच्या सावलीत एक स्त्री चित्र काढीत बसलेली दिसते. ती सीन्त्ये.