कवींची जहाजे

पूर्व जर्मनीतल्या विस्मार येथील गोदीत बांधलेली पाच मोठी प्रवासी जहाजे १९६४ ते १९७२ या काळात सोव्हिएत संघाच्या सेवेत दाखल झाली. त्यांची नावे वाचताना एखाद्या काव्यसंग्रहाची अनुक्रमणिका चाळत आहोत असे वाटते : इव्हान फ्रँको, अलेक्सांद्र पुश्किन, तारास शेवचेन्को, शोता रुस्तावेली, मिखाईल लेर्मोंतोव. दोन युक्रेनियन, दोन रशियन आणि मध्ययुगातला एक जॉर्जियन. हयात कवींशी त्या राजवटीचे वागणे कसे होते हे आपण जाणतो. दिवंगत कवींची नावे जहाजांवर रंगवताना मात्र तिने हात आखडता घेतला नाही. मला या विषयाकडे ओढले ते या नावांनीच. सोव्हिएत संघ गेल्यावर अशी अनेक जहाजे भूमध्य समुद्रात सहलींसाठी फिरू लागली. तेव्हा या नावांचे काय झाले, हा प्रश्न घेऊन मी त्यांचा माग काढू लागलो.

माग काढता येतो याचे कारण एक क्रमांक. मोठ्या जहाजाला मिळणारा सात आकडी आयएमओ क्रमांक मालक, झेंडा, नाव काहीही बदलले तरी तोच राहतो. ‘पुश्किन’चा क्रमांक ६४१७०९७. कोणत्याही यादीत हा आकडा दिसला की रंग कोणताही असो, जहाज तेच.

‘पुश्किन’ १९६६ पासून लेनिनग्राड ते मॉन्ट्रियल अशा फेऱ्या करू लागले. अटलांटिकवरची प्रवासी वाहतूक तोवर विमानांनी पळवली होती, पण सोव्हिएत सरकारचे गणित निराळे होते. त्याला परकीय चलन हवे होते. त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांत ही जहाजे खलाशांसकट पश्चिम जर्मनीच्या आणि ब्रिटनच्या सहल कंपन्यांना भाड्याने दिली जाऊ लागली. धुराड्यावर विळा-हातोडा आणि डेकवरच्या खुर्च्यांत पश्चिम जर्मनीतले निवृत्त लोक, असे ते दृश्य. म्हणजे या जहाजांचे सहलीच्या धंद्यात येणे हे काही १९९१ नंतरचे नवल नव्हे. राजवट असतानाच त्याची सुरुवात झाली होती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘माक्सिम गॉर्की’. हे जहाज मुळात ‘हँबुर्ग’ या नावाने १९६९ साली पश्चिम जर्मनीत बांधले गेले आणि १९७४ मध्ये सोव्हिएत मालकीचे झाले. डिसेंबर १९८९ मध्ये माल्टा येथे बुश आणि गोर्बाचेव यांची भेट ठरली होती ती दोन्ही देशांच्या युद्धनौकांवर. वादळाने तो बेत उधळला आणि बोलणी झाली ती मार्साश्लोक बंदरात उभ्या असलेल्या ‘गॉर्की’वर. शीतयुद्ध संपल्याची भाषा ज्या टेबलाशी झाली, ते एका सहलीच्या जहाजावरचे होते.

दोनच वर्षांत देश उरला नाही, जहाजे उरली. काळ्या समुद्रातला मोठा ताफा ओदेसाच्या कंपनीकडे होता. तो युक्रेनच्या वाट्याला आला आणि त्याच्याभोवती कर्जे साचत गेली. इथे सागरी कायद्यातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इंधन, दुरुस्ती, बंदराचे भाडे, खलाशांचा पगार यांपैकी काही थकले, तर देणेकरी मालकाला शोधत बसत नाही. तो बंदरात उभे असलेले जहाजच अटकवून ठेवतो. ‘ओदेसा’ नावाचे प्रवासी जहाज १९९५ मध्ये असे नेपल्सला अडकले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले. जहाज सोडून घरी जावे तर थकलेल्या पगारावरचा हक्क कमकुवत होईल, म्हणून काही खलाशी त्यावरच दिवस काढत राहिले. न्यायालयाने लिलावात विकलेले जहाज मात्र जुन्या देण्यांतून मोकळे होते. नवा मालक, नवा झेंडा, नवे नाव. पत संपलेल्या राज्याच्या जहाजाला नवा जन्म मिळण्याची ही एक रीत होती.

जन्म नवा, पण हाडे जुनी. ग्राहक या जहाजांकडे वळले ते या हाडांसाठी. ‘पुश्किन’ची बांधणी बर्फाळ पाण्याचा विचार करून झाली होती, १७६ मीटर लांबीचा तो मजबूत सांगाडा नव्याने बांधायचा तर फार मोठा खर्च आला असता. १९९१ मध्ये ओरिएंट लाइन्सने ते विकत घेतले आणि ग्रीसमध्ये पिरेयसजवळच्या पेरामा येथे जवळपास दोन वर्षे काम चालले. सांगाडा आणि इंजिने ठेवली, आतले जवळजवळ सगळे उपसून काढले. मागच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांचे डेक आले, हेलिकॉप्टरसाठी जागा आली. १९९३ मध्ये बाहेर पडले ते ‘मार्को पोलो’. पुश्किनच्या जागी व्हेनिसचा प्रवासी! तिकीट विकणाऱ्याच्या दृष्टीने निवड अचूक होती.

फिनलंडमधील तुर्कू येथे १९७५ साली मोटारी आणि प्रवासी नेण्यासाठी बांधलेले ‘ग्रुझिया’ पुढे ‘ओदेसा स्काय’, ‘क्लब वन’, ‘व्हॅन गॉग’ आणि शेवटी सायप्रसच्या लिमासोलहून सहली करणारे ‘सालामिस फिलोक्सेनिया’ झाले. म्हणजे आधी एक देश, मग एक चित्रकार, मग आतिथ्य : फिलोक्सेनियाचा अर्थ तोच. युद्धकाळात रशियनांना तोंडपाठ असलेल्या ‘माझी वाट पाहा’ या कवितेचा कवी कॉन्स्तान्तिन सिमोनोव; त्याच्या नावाचे, पोलंडमध्ये १९८२ साली बांधलेले जहाज हैफाहून ‘आयरिस’ या नावाने फिरू लागले. ‘रुस्तावेली’चे झाले ‘आसेदो’. हे नाव रोमन लिपीत उलटे वाचा : ओदेसा. कुणातरी मालकाला जुने गाव पुसायचेही होते आणि ठेवायचेही होते, असे मला वाटते.

१ ऑक्टोबर २०१० पासून प्रवासी जहाजांवरच्या ज्वालाग्राही बांधकाम-साहित्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि अनेक जुन्या जहाजांना हा खर्च परवडेना. पण बहुतेक कवी त्याआधीच मोडीत निघाले होते, आणि तेही आपल्या शेजारी. खंभातच्या आखातातल्या मोठ्या भरतीचा फायदा घेऊन जिथे जहाजे थेट किनाऱ्यावर चढवतात, त्या अलंगला ‘फ्रँको’ १९९७ मध्ये आले, ‘रुस्तावेली’ २००३ मध्ये, ‘गॉर्की’ २००९ मध्ये. ‘शेवचेन्को’ चितगावला २००५ मध्ये मोडले गेले. ‘लेर्मोंतोव’ १९८६ सालीच न्यूझीलंडजवळ खडकावर आपटून बुडाले होते. त्याचे नाव बदलण्याची वेळ कुणावर आली नाही.

‘मार्को पोलो’ नवे नियम पाळूनही चालत राहिले. २०२० च्या साथीत ते चालवणारी कंपनी बुडाली आणि जानेवारी २०२१ मध्ये तेही अलंगच्या चिखलात चढले. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यातली निम्मी त्याने पुश्किन म्हणून काढली होती. भावनगर जिल्ह्यातल्या त्या किनाऱ्यावर गॅस-कटर घेऊन उभ्या असलेल्या कामगारांपुढे ना रशियन कवी होता, ना इटालियन प्रवासी. कागदावर ६४१७०९७ हा आकडा होता, आणि पोलादाचे वजन.