वनौषधी वापराव्यात, पण तोलूनमापून

कुक्कुटपालन हा शेतीला भक्कम आधार देणारा पूरक व्यवसाय आहे. लसूण, हळद आणि कडुनिंब यांचा उपयोग परसातील कोंबड्यांसाठी आपल्याकडे पूर्वापार होत आला आहे. आता प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापराला आळा घातला जात आहे. केंद्र शासनाने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टीनच्या वापरावर बंदी घातली. त्यामुळे मोठ्या शेडमध्येही वनौषधींकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे. तथापि, 'वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक' हा समज व्यावसायिकाला फार महागात पडू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे वनौषधी ही लसीला पर्याय नव्हे. उत्तराखंडातील राणीखेत या गावाचे नाव लाभलेल्या 'राणीखेत' रोगात हिरवट हगवण होते, मान पिळवटते आणि पाहता पाहता सारी बॅच हातची जाते. या रोगावर हमखास उपचार नाही. लसीकरण हाच खरा बचाव आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ-१ लस दिली जाते. पुढील मात्रांचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून आखून घ्यावे. पाण्यातून लस देण्याच्या दिवशी त्या पाण्यात जंतुनाशक, काढा वा अर्क मिसळू नये.

दुसरी गोष्ट मात्रेची. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते; म्हणजे ५०० पक्ष्यांना ५५ किलो लागते. पशुवैद्यकाने किलोमागे २ ग्रॅम चूर्ण सांगितले असेल, तर रोज ११० ग्रॅम पुरे. येथे 'मूठभर' हे माप चालत नाही. लसणाच्या अतिरेकाने रक्तातील तांबड्या पेशींची हानी होऊ शकते, तर कडुनिंबाच्या कडवटपणामुळे पक्षी खाद्य कमी खातात आणि उत्पादन घटते. कोणतेही नवे औषध प्रथम मोजक्या पक्ष्यांना देऊन पाहावे.

तिसरी गोष्ट साठवणुकीची. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशीयुक्त शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्या पेंडीतील विष पुढे 'अफ्लाटॉक्सिन' म्हणून ओळखले गेले. ओलसर राहिलेला पाला किंवा चूर्णही असेच बुरशीला आमंत्रण देते. म्हणून औषधी पूर्ण वाळवून, कोरड्या जागी ठेवावी.

एकाएकी मरतूक वाढल्यास घरगुती उपायांत दिवस दवडू नये. मृत पक्ष्यांना शक्यतो हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आलेल्या बर्ड फ्लूनंतर लाखो पक्षी नष्ट करावे लागले, हे विसरता येणार नाही.

लसीकरण, औषध, मात्रा आणि मरतूक यांची तारीखवार नोंदवही ठेवावी. विम्याचा दावा करताना लसीकरणाचा पुरावा आणि शवविच्छेदनाचा दाखला सर्वसाधारणपणे मागितला जातो. तो नसल्यास दावा अडतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. वनौषधींची साथ अवश्य घ्यावी. परंतु ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि तराजूच्या साक्षीने!