दंतिन आणि राळलेप : बंधाचे बळ

आपल्या हैदराबादनजीकच्या नलगोंडा परिसरात पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडामुळे डागाळलेले दात पिढ्यान्‌पिढ्या आढळत आले. अशा दातांचे दंतवल्क आम्लास सहजी दाद देत नाही. साहजिकच त्यावर लेप टिकविणे कठीण. आम्लाने वल्क खडबडीत करून राळ चिकटविण्याची रीत ब्युओनोकोर यांनी १९५५ साली मांडली. वल्काखालचे दंतिन मात्र ओलसर व सूक्ष्म नलिकांनी व्यापलेले असते. आम्लाने उघड्या पडलेल्या कोलॅजेन तंतूंत राळ मुरून घट्ट झाली की संमिश्र थर बनतो, हे जपानच्या नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखविले. दंतिन फाजील वाळविल्यास तंतू मिटतात, बंध दुबळा होतो. कोरलेल्या दंतिनावर तत्काळ लेप दिल्यास नलिका झाकल्या जातात, कळ उमटण्याचे भय घटते. बंधाचे बळ प्रयोगशाळेत मेगापास्कलांत मोजतात. रुग्णास मात्र ते भाकरीचा घास चावतानाच उमगते.